काचेजवळचं टेबल

६ नोव्हेंबर

मी नजर हटवली नाही. तो माणूस काचेला जवळजवळ नाक टेकवून उभा होता, बगलेत वर्तमानपत्र, आणि काचेच्या आत माझी मैत्रीण कप्तान मान खाली घालून एका कोटाच्या बाहीचं भोक बुजवत होती. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कोटाकडे नाही, कप्तानकडे नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिले. अर्धं मिनिट लागलं. मग त्याला ते जाणवलं. त्याने घसा खाकरला, वर्तमानपत्र दुसऱ्या बगलेत घेतलं आणि चालायला लागला. एक विकेट.

आत जाऊन कप्तानला सांगितलं. ती म्हणाली, "कोण माणूस?"

आज तिच्या नोकरीचा तिसरा दिवस. कपडे धुऊन, इस्त्री करून देणारं दुकान. रफूचं काम इतकी वर्षं मालक स्वतः करायचे. सगळे त्यांना काका म्हणतात. आता त्यांच्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. कप्तान दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या घरी जाऊन हे काम शिकली, आणि आता त्यांच्या टेबलावर तीच बसते.

टेबल रस्त्याकडच्या काचेला लागून आहे. तिचा डावा हात कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर संपतो. त्या टोकाने ती कापड दाबून धरते आणि उजव्या हाताने सुई चालवते. रस्त्याने जाणाऱ्याला दुसरं काही दिसणारच नाही. काकांना एवढं कळू नये?

८ नोव्हेंबर

काल चार, आज सात. नऊला दुकान उघडतं आणि माझी बस साडेनऊची. तेवढ्या अर्ध्या तासात सात.

हा खेळ कॉलेजच्या पहिल्या वर्षी सुरू झाला. बसमध्ये कोणी तिच्या हाताकडे बघायला लागलं की मी त्याच्याकडे बघायचे. त्याची नजर खाली गेली की विकेट. म्हातारे लवकर बाद होतात. शाळेतली मुलं चिवट. सगळ्यांत कठीण आया. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि एकदा पाणी आलं की आपण टक लावून बघतोय हे त्या मान्यच करत नाहीत. एका दिवसातला उच्चांक सव्वीस. कप्तान वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायची. मला हवालदार हे नाव तिनेच तेव्हा दिलं. तिचं कप्तान त्याच्याही आधीचं, ती नववीत वर्गाची मॉनिटर होती तेव्हापासूनचं.

मी नेहमी तिच्या डाव्या बाजूने चालते. नववीतच तिच्या आईने मला सांगितलं होतं, "तू बरोबर असलीस की मला घोर नसतो." मला असं कोणी काही सांगितल्याचं दुसरं आठवत नाही.

११ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, पाण्याच्या पिंपाशेजारच्या स्टुलावर बसून.

माझं काम रक्त तपासणीच्या केंद्रात, रिपोर्ट देण्याच्या खिडकीत. नाव, पावती, सही. लोक माझ्या डोक्यावरच्या टोकनच्या लाल आकड्यांकडे बघून माझ्याशी बोलतात. हातात पाकीट पडलं की पाकिटाकडे बघतात. दर महिन्याला येणारी एक बाई आज म्हणाली, "तुम्ही नवीन का हो?" दीड वर्ष झालं मला.

मी म्हणाले, हो, नवीन.

१३ नोव्हेंबर

संध्याकाळी कप्तानला घ्यायला गेले. दुकानात इस्त्रीवाली होती. चाळिशीची, मोठ्या आवाजाची. कप्तान तिला मावशी म्हणते. दहा दिवसांत मावशी.

मी बाकावर बसून वाट बघत होते. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली आणि कप्तानला म्हणाली, "बरेच दिवस विचारीन म्हणते. हात कुठे सांडलास गं?"

मी उठलेच.

कप्तान म्हणाली, "आईच्या पोटात राहिला. घाईत निघाले."

"मग परत जाऊन आणायचास की."

"दार बंद झालं होतं मावशी."

दोघी हसल्या. काकाही पलीकडे कपड्यांना चिठ्ठ्या लावता लावता हसले. इस्त्रीवालीने पुन्हा इस्त्री हातात घेतली, आणि कप्तान जांभळा धागा शोधायला लागली. एवढंच.

बसमध्ये मी कप्तानला म्हणाले, "ती बाई जरा जास्तच करते." कप्तान म्हणाली, "विचारलं तिने. बरं वाटलं."

तिचा हात जन्मापासून तसा आहे हे मला माहीत नव्हतं. मी अपघात धरून चालले होते. सात वर्षांत मी विचारलं नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही.

१६ नोव्हेंबर

शनिवार. केंद्र दुपारी दोनला बंद झालं, म्हणून उजेडात दुकानावर पोचले. काचेबाहेर चार जण. चार. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, एक पोस्टमन आणि एक कॉलेजचा मुलगा. मुलाने फोन उभा धरला होता.

मी त्याच्या आणि काचेच्या मधे उभी राहिले. "पुसून टाक."

"काय?"

"जे काढलंस ते."

तो म्हणाला, "अहो, मी कामाचा व्हिडिओ घेत होतो. माझ्या आजीचं स्वेटर तसंच फाटलंय."

"पुसून टाक म्हटलं ना."

त्याने माझ्यासमोर ते पुसलं. मला दाखवलं. कान लाल झाले होते त्याचे. पोस्टमन गेला, मुली गेल्या. कामाचा घेत होतो म्हणे. सगळे असंच काहीतरी सांगतात.

आतून कप्तानने सगळं पाहिलं होतं. रागावली नाही. "हवालदार, आज सुट्टी होती ना तुला?" एवढंच म्हणाली आणि सुईत धागा ओवायला लागली. सुई ती टेबलावरच्या बुचाच्या तुकड्यात टोचून ठेवते आणि एका हाताने ओवते. पहिल्या फटक्यात गेला नाही. दुसऱ्यातही नाही. एरवी जातो.

लोकांनी काय केलंय बघा तिचं.

१९ नोव्हेंबर

आज कप्तान यायच्या आधी दुकानात गेले. काका शटर वर करत होते.

मी म्हणाले, "काका, तिचं टेबल आत घेता येईल का?"

"का गं?"

"लोक बघतात."

त्यांनी शटर अर्ध्यावर सोडलं. मग म्हणाले, "ती म्हणाली असं?"

"ती कधीच म्हणणार नाही."

"माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. मी आपला उजेड बघत बसलो. चाळीस वर्षं मी तिथेच बसलो, उजेडासाठी. आत नळीचा दिवा आहे, पण..." ते थांबले. "तिला त्रास होत असेल तर उजेडाचं काय घेऊन बसायचं."

"मी आले होते हे सांगू नका तिला. तिला आवडणार नाही."

"बरं," ते म्हणाले. ते खाली त्यांच्या चपलांकडे बघत होते. शटर वर करायला मी हात लावला.

मनावरचं ओझं उतरलं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर

टेबल आत गेलं. इस्त्रीच्या खोलीच्याही मागे, जिथे धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे ठेवतात. काचेत आता एक कोट टांगला आहे, हँगरवर.

काकांनी तिला सांगितलं की काचेतून गार वारा येतो. तिने मला बसमध्ये हे सांगितलं आणि विचारलं, "काचेतून वारा येतो का गं कुठे?"

मी म्हणाले, "फटीतून येत असेल."

२३ नोव्हेंबर

शून्य.

२६ नोव्हेंबर

कप्तानने आज रबरी हात लावला होता.

मी तो शेवटचा अकरावीत पाहिला होता. वाढत्या वयात दर दोन वर्षांनी नवीन करावा लागायचा, आणि सोळाव्या वर्षी ती म्हणाली होती, आता बास. हा त्यातलाच शेवटचा. उजव्या हातापेक्षा एका नंबराने लहान आहे आणि रंग तिच्या रंगापेक्षा गुलाबी. बाहीतून नुसती बोटं दिसतात. बस स्टॉपवर आधी मला कळलंच नाही.

"हे काय?"

"असंच. थंडी आहे."

मी म्हणाले, चांगलं दिसतंय. खरंच दिसत होतं. लांबून काही कळत नाही. बसमध्ये एकानेही वळून पाहिलं नाही. तिच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. सगळे आपापल्या फोनमध्ये. एक बाई चढली, कप्तानच्या पायावर पाय देऊन पुढे गेली, सॉरीसुद्धा म्हणाली नाही.

हेच हवं होतं आपल्याला. मला बसमध्ये काय करावं ते सुचेना. मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

२९ नोव्हेंबर

रबरी अंगठ्याच्या नखापाशी एक चीर आहे. आतलं पिवळं दिसतं. चारही बोटं किंचित वाकलेली, काही धरल्यासारखी, पण त्यांत काही राहत नाही. तिकीट घेताना तिने पर्स त्या हातात अडकवली आणि ती घसरली. मी उचलून दिली.

"काय बघतेस?" कप्तान म्हणाली.

"काही नाही."

"मघापासून बघते आहेस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

३ डिसेंबर

कप्तान आज लवकर घरी गेली होती. दुकानात इस्त्रीवाली एकटी. मला बघून म्हणाली, "बस. चहा घेणार?" मी नको म्हणाले. तिने दोन कप भरले.

"तुझ्या कप्तानचा आज घोटाळा झाला. मास्तरांचा कोट होता. त्यांच्या बायकोने केलेला, बायको गेली गेल्या वर्षी. कसर लागली होती कॉलरपाशी. कोट निळा. हिने काळ्या धाग्याने भरला."

"असं कसं होईल?"

"त्या नळीखाली काय कळतंय निळं नि काळं? मास्तर कोट घेऊन रस्त्यावर गेले आणि तसेच परत आले. नुसतं बोट ठेवलं त्याच्यावर." तिने चहा फुंकला. "वर ते रबराचं लचांड. त्याने कापड दाबलं जात नाही. सारखं सरकतं. मी म्हटलं, काढून ठेव ना बाई. तर म्हणे, काकांना बरं दिसत नसेल."

"काका म्हणाले असं?"

"काका कशाला म्हणतील? ते तर तिच्याकडे मान वर करून बघेनात हल्ली. कुणास ठाऊक काय झालंय दोघांचं. एका घरातल्या रुसलेल्या माणसांसारखे वावरतात." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला काही बोलली का ती? तू मैत्रीण ना तिची."

मी म्हणाले, नाही. चहा फार गोड होता.

५ डिसेंबर

कप्तान नोकरी सोडणार आहे. सोमवारी काकांना सांगणार.

बसमध्ये, माझ्याकडे न बघता, तिने मला हे सांगितलं. "त्यांना लाज वाटते माझी. आधी वाटली नसेल, गिऱ्हाइकं काही बोलली असतील. त्यांचं चुकतं असं नाही. दुकान त्यांचं आहे. पण दोन वर्षं शिकवताना एकदाही तसं वाटू दिलं नाही त्यांनी, म्हणून जरा..."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडात होते. मी म्हणाले, "दुसरीकडे मिळेल."

"रफूचं काम? कुठे? आता कोण करतंय रफू?"

"मग दुसरं काही. आमच्या केंद्रात विचारते. खिडकीत दोघींची जागा आहे. आपण दोघी."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली. "तिथे कोणी बघत नाही, नाही का?"

खरं लिहायचं तर मला क्षणभर आनंद झाला. शेजारी खुर्ची आहेच. ती माझ्या उजव्या बाजूला नाही, डावीकडे आहे, पण ती बदलता येईल, एवढाही विचार मी केला.

७ डिसेंबर

वहिनीने सकाळी विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?"

"नाही."

"मग दोन दिवस अशी का बसली आहेस? ती घरी आली की तुझा आवाज ऐकायला मिळतो. नाहीतर भिंत बरी, तिच्यावर निदान कॅलेंडर असतं." दादा हसला. वहिनीला वाईट म्हणायचं नव्हतं. तिने माझ्या ताटात आणखी वाढलं.

मी हिशोब करून पाहिला. सांगितलं नाही तर ती नोकरी सोडेल आणि माझ्याजवळ राहील. सांगितलं तर नोकरी राहील. दोन्ही एकदम होण्याची वाट मला दिसत नाही.

आणि अजूनही वाटतं की मी थोडी बरोबर होते. लोक बघतच होते. ते काही मी मनाने रचलेलं नाही.

८ डिसेंबर

रविवार. अकराला तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "वर आहे गच्चीवर. बघ बाई, तूच काहीतरी समजाव." मी जिना चढताना ती मागून म्हणाली, "तू आहेस म्हणून." मी थांबले नाही.

कप्तान उन्हात चटईवर बसून धाग्यांच्या लडी लावत होती. काकांनी शिकवताना दिलेल्या. उद्या परत करायच्या म्हणून. करड्या एकीकडे, तपकिरी एकीकडे. रबरी हात कठड्यावर पालथा पडला होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. मी काकांकडे गेले होते, मी टेबल हलवायला सांगितलं, मी सांगू नका म्हणाले. तिचे हात चालत होते ते थांबले.

"कधी?"

"एकोणीस तारखेला."

"मंगळवार," ती म्हणाली. खालच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. "म्हणजे काका एवढे दिवस असं समजत होते की मलाच तिथे बसायचं नाही. आणि मी आणखी वर हा लावून गेले." तिने कठड्याकडे हनुवटी उडवली.

"लोक बघत होते गं."

"बघायलाच उभे राहायचे. आधी हात बघतात. बघू देत की. मग सुईकडे जातात. मग भोक बुजतं आणि ते शोधत बसतात, होतं कुठे. सापडत नाही त्यांना. तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं. एका बाईने काचेवर बोट ठेवून मला विचारलं होतं, इथेच होतं ना? आतून मी नुसती मान हलवली, नाही म्हणून." ती हसली नाही. "मला आवडायचं तिथे."

"मला काय माहीत?"

"विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

मी म्हणाले, "मग विकेटी? त्या तर तू लिहायचीस."

"तुला मजा यायची."

"तुला नाही?"

"पहिल्या वर्षी यायची." तिने एक लड उचलली, उन्हात धरली, परत ठेवली. "कितीदा तरी मी विसरलेली असायचे हवालदार. बस, गर्दी, उद्याची परीक्षा, काहीतरी डोक्यात असायचं. आणि शेजारून तुझी मान वळायची. मग कळायचं, कोणीतरी बघतंय."

मी म्हणाले की मी सगळं तिच्यासाठी केलं.

"माहीत आहे. तेच तर. रागवायलासुद्धा जागा ठेवली नाहीस."

मी विचारलं, काकांना मी सांगू का. ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "नको. मी सांगेन. माझ्या वतीने कोणाला काही सांगायचं नाही आता. आईलासुद्धा नाही."

मी बसले नाही, कारण तिने बस म्हटलं नव्हतं. जिना उतरताना तिच्या आईने विचारलं, "ऐकलं का तिने?" मी मान हलवली. कशासाठी ते मलाही माहीत नाही.

९ डिसेंबर

सकाळी पावणेनऊला दुकानापाशी गेले. शटर वर होतं. कप्तान आणि काका टेबल बाहेर आणत होते, ती एका बाजूला, काका दुसऱ्या. ती दंड टेबलाखाली घालून उचलत होती. बाही कोपराच्या वर दुमडलेली. दोघांचं बोलणं आधीच झालं असावं. काका धापा टाकत म्हणाले, "आधी मीच विचारायला हवं होतं," कोणाला ते कळलं नाही. इस्त्रीवाली मधल्या दारात उभी राहून सांगत होती, डावीकडे घ्या, आणखी डावीकडे, भिंत माझ्या बापाची नाही म्हणून खरवडू नका. मी पुढे होऊन दार धरलं. टेबल काचेला लागलं. कप्तानने हँगरवरचा कोट काढून माझ्याकडे न देता खुर्चीवर ठेवला, खिडकीतला उजेड टेबलावर कुठवर येतो ते पाहिलं आणि टेबल वीतभर सरकवलं. मग मला म्हणाली, "संध्याकाळी थांबू नकोस. मला उशीर होईल, मास्तरांचा कोट उसवायचाय." मी बरं म्हणाले. साडेनऊची बस वेळेवर आली. बसायला जागा मिळाली.